पहिले तीन सेकंद

७ ऑक्टोबर, सोमवार

रोजनिशी लिहिणारी माणसं मला कायम रिकामटेकडी वाटत आली आहेत. तरी आज ही वही उघडली, कारण उद्या वाद झाला तर माझ्याजवळ तारीखवार पुरावा हवा. गाड्यांची नोंदवही वेगळी आहे. तिच्यात चारच रकाने: तारीख, किलोमीटर, काम, ऐकणारा. शेवटचा रकाना दुसऱ्या कुठल्या गॅरेजात सापडणार नाही. इंजिनाचा निर्णय कोणाच्या कानाने झाला ते तिथे लिहायचं. सत्तावीस वर्षं त्या रकान्यात एकच शब्द आहे: मी.

आज नर्सबाई आल्या. डोंगरावरच्या वस्त्यांत लसी आणि औषधं पोचवायची त्यांची करडी व्हॅन अकरा वर्षं माझ्याच हाताखाली आहे. आजचे किलोमीटर १,३८,४१२. चावीबरोबर त्यांनी एक छापील कागद दिला. वर समोरच्या नव्या गॅरेजचं नाव, खाली लाल अक्षरांत: टायमिंग चेन त्वरित बदला.

समोरचं नवं गॅरेज माझ्या धाकट्या भावाचं.

म्हणाल्या, "काल चाक पंक्चर झालं, तुमचं बंद होतं म्हणून तिथे थांबले. त्यांनी ते यंत्र जोडलं आणि हे निघालं. सकाळी चालू करताना मलाही जरा खुळखुळ वाटते. पण मेस्त्री, तुम्ही सांगाल तेच मी करणार."

शेवटचं वाक्य त्यांचं, जसंच्या तसं.

चेन म्हणजे काय हेही लिहून ठेवतो. ही वही उद्या एखाद्या वकिलाच्या हाती पडली तर त्यालाही कळलं पाहिजे. इंजिनात खाली पिस्टन वरखाली होतात आणि वर झडपा उघडमिट करतात. दोघांचा ताल एका साखळीने बांधलेला असतो. ती वापराने लांबते. फार लांबली की एखाद्या दिवशी दात सोडते, ताल चुकतो, पिस्टन झडपांवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी संपतं. वेळेआधी बदलली तर चांगलं इंजिन विनाकारण फाडलं. उशिरा बदलली तर बदलायला इंजिनच उरत नाही. ती वेळ ओळखणं म्हणजेच हा धंदा. बाकी नट-बोल्ट काय, कोणीही फिरवतो.

धाकट्याला हे यंत्र सांगतं. मला कोणी सांगितलं नाही. मी शिकलो ते मुखपृष्ठ गेलेल्या एका परदेशी पुस्तकातून, ज्याची लिपीसुद्धा मला येत नव्हती. फक्त आकृत्या बघितल्या. धाकटा मात्र तांत्रिक विद्यालयात बाकावर बसून शिकला, आणि तो बसला होता तेव्हा दुकानात उभा कोण होता ते मी इथे लिहीत नाही. मग नऊ वर्षं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात. आणि यंदा परत आला तो, गावात एवढे रस्ते असताना, नेमका माझ्या दारासमोर. दर्शनी भागाला काच, आत फरशी. गॅरेजात फरशी! तेलाचा एक थेंब पडला तर मालकच आडवा व्हायचा.

व्हॅन रात्रभर माझ्या आवारात ठेवून घेतली आहे. उद्या सकाळी ऐकेन.

८ ऑक्टोबर, मंगळवार

चेनची तपासणी थंड इंजिनावरच करायची असते. रात्रभर तेल खाली उतरलेलं असतं. सकाळी चावी फिरवल्यावर ते पुन्हा वर पोचायला तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात चेनला ताणून धरणारं कोणी नसतं. ढिली असेल तर ती तेव्हाच बोलते. नंतर तेल चढलं की सगळी इंजिनं सभ्य होतात.

सव्वासहाला आवारात गेलो. लाकडी दांडीचं एक टोक चेनच्या झाकणावर, दुसरं कानाला. बायकोला चावी फिरवायला बसवलं. कानात प्राण आणून ऐकलं. पाऊण तास थांबून पुन्हा एकदा.

काही नाही. एकदम स्वच्छ. इतकं शांत इंजिन मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. तसं हल्ली सगळीच इंजिनं मला पूर्वीपेक्षा शांत वाटतात. तेलं सुधारली असावीत.

बायको गाडीतून उतरताना म्हणाली, "वाजतंय की हो."

मी म्हटलं, "इंजिन आहे, वाजणारच. गाणं म्हणेल का?"

नोंद केली: १,३८,४१२. चेन तपासली. दीड लाखापर्यंत भीती नाही. ऐकणारा: मी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी फाटकाशी बायको आणि धाकटा उभे होते. पुटपुटल्यासारखं बोलणं चाललं होतं. मी वीस पावलांवर असताना ती हसली, मी दहा पावलांवर आलो तेव्हा दोघंही गप्प.

"काय चाललंय?"

"काही नाही दादा, वहिनीला सहज विचारत होतो."

"काय?"

"कशी आहेस म्हणून."

असं कसं विचारतात मला माहीत आहे. कशी आहेस विचारायला अर्धा तास लागत नाही.

एक गोष्ट बरेच दिवस लिहीन म्हणतो. माझ्याशी बोलताना ती हल्ली समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून बोलते, रागावल्यासारखी. त्याच्याशी मात्र हळू आवाजात, गोड.

१४ ऑक्टोबर, सोमवार

धाकटा आला. हातात दोन कप चहा, म्हणजे मी हाकलू नये याची तजवीज. स्टुलावर बसून इकडेतिकडे बघत राहिला. पाने अजून मापाप्रमाणेच टांगलेले आहेत का ते बघत असणार. आहेत.

"दादा, नर्सबाईंच्या गाडीला तू दीड लाख म्हणालास?"

"म्हणालो."

"खालची आणि वरची चक्रं यांच्यात नऊ अंशांचा फरक दाखवतंय. चेन लांबल्याशिवाय एवढा येत नाही."

"तुझ्या डब्याला कान आहेत का?"

"नाहीत. म्हणून त्याला काही वाटत नाही, नुसतं दिसतं."

"मला सत्तावीस वर्षांत एकदा तरी चुकलेलं बघितलंस?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नाही. म्हणून तर आलोय. गाडी मला नको. तूच उघड, तूच बदल. माझा कागद फाडून टाक, मी काही बोललोच नाही असं समज. पण बदल."

तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाईक पळवलं असतं तर एक वेळ मी समजू शकलो असतो. तो धंदा झाला. हा तर मला माझंच गिऱ्हाईक दान देत होता.

चहा प्यायलो नाही. नंतर गार प्यायलो, पण तो गेल्यावर.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नवी शिट्टीची किटली बिघडलेली निघाली. बायको बाहेर गेली होती. मी स्वयंपाकघरात किटलीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलो होतो. पाणी सगळं आटलं, बूड काळं पडलं, पण शिट्टी म्हणून नाही. बायको फाटकातून धावत आली, म्हणाली कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती. उगाच वाढवून सांगायची सवय.

किटली घेऊन तडक दुकानात गेलो. दुकानदार शांत माणूस. त्याने पाणी भरून तिथल्या तिथे शेगडीवर ठेवली. मी काउंटरवर बोटं वाजवत थांबलो. वाफ आली. दुकानातली चार माणसं वळून किटलीकडे बघायला लागली, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "बघितलंत? वाफ आहे, शिट्टी नाही."

दुकानदाराने शेगडी बंद केली, दुसरी किटली माझ्या हातात ठेवली आणि मला दारापर्यंत पोचवायला आला. स्वतःचा माल खराब निघाला की माणसं कशी नरमतात ते बघण्यासारखं होतं.

२० ऑक्टोबर, रविवार

आता कळलं कुजबूज कसली ते.

कपाटात बॅटरीचे सेल शोधताना बायकोच्या पाकिटाखाली एक कार्ड सापडलं: कान-नाक-घसा तज्ज्ञ. मागच्या बाजूला धाकट्याच्या अक्षरात लिहिलं आहे: 'शनिवार, २ तारखेला ११ चालेल. नेणं माझ्याकडे.'

म्हणजे तिच्या कानाला काहीतरी झालं आहे, आणि ते तिने त्याला सांगितलं. मला नाही. तेवीस वर्षांचा संसार. डॉक्टरकडे न्यायला मी मेलो होतो का? माझी गाडी नाही? त्याची फरशी, त्याची काच, आणि आता माझ्या बायकोचा कानसुद्धा त्याच्याकडे.

आठवून बघितलं तर सगळं जुळतं. टीव्हीचा आवाज मी लावला की ती कमी करते. दुखऱ्या कानाला सोसत नसणार. परवा फोन वाजल्याचं तिला ऐकू आलं आणि मला नाही, म्हणजे तिच्या कानात काहीतरी वाजत असणार.

विचारलं नाही. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल. तिच्याशी जरा मोठ्याने बोलायला सुरुवात केली आहे. जेवताना म्हणाली, "ओरडताय कशाला?" बिचारी.

२ नोव्हेंबर, शनिवार

अकरा वाजता मुद्दाम घरी राहिलो. ती मटार सोलत बसली होती, कुठेही गेली नाही. साडेअकराला धाकटा आला, दोघं दारात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं मला काम आहे, आणि गॅरेजात निघून आलो. त्यांना वाट मोकळी करून दिली, आणखी काय करायचं? तरी ती गेली नाही. त्याच्यावर चिडली असावी. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहायला जड जातंय, पण वही खोटी ठेवली तर तिचा उपयोग काय?

नर्सबाई सकाळी सातलाच आल्या. किलोमीटर १,४०,२५८. उद्या पहाटे त्या डोंगरावर जाणार. सगळ्यात वरच्या वस्तीत एका बाईला जुळं आहे, दिवस भरत आलेत. तिला गुरुवारी सकाळी याच व्हॅनमधून खाली मोठ्या दवाखान्यात आणायचं आहे. म्हणाल्या, "मेस्त्री, आवाज वाढलाय हो. डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. क्षणभर येतो आणि जातो. ती बाई मागे झोपलेली असताना उतारावर काही झालं तर मी काय करू? तुम्ही एकदा माझ्यासमोर ऐका."

गाडी माझ्या आवारात तासभर उभी राहिली. मग त्यांनी स्वतः चावी फिरवली. मी दांडी लावून वाकलो होतो. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ऐकलंत?"

मी काहीही ऐकलं नव्हतं. इंजिनाची घरघर तेवढी. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं होतं की जे काय होतं ते आत्ता होऊन गेलं.

त्याच वेळी समोर धाकट्याच्या काचेचं दार उघडलं. तो बाहेर येऊन उभा राहिला. आवाज त्याच्यापर्यंत पोचला असल्यासारखा.

'मला नाही ऐकू आलं' एवढंच म्हणायचं होतं. तसं म्हटलं असतं तर त्या गाडी वळवून समोर गेल्या असत्या. वळवायलासुद्धा लागली नसती, सरळच आहे.

मी म्हटलं, "हा होय? हे टॅपेट, झडपांना ढकलणारे. तेल पोचेपर्यंत वाजतात. अगदी निरुपद्रवी. खुशाल जा."

त्या हसल्या. खांद्यावरून ओझं उतरलेल्या माणसाचं हसू. "आता मी निवांत झोपेन," म्हणाल्या.

नोंदवहीत लिहिलं: टॅपेटचा आवाज. ऐकणारा: मी.

ते दोन शब्द पहिल्यांदाच खोटे आहेत. अर्थात, मला ऐकू आलं नाही म्हणजे चेनचा आवाज नव्हताच, कारण चेनचा असता तर मला आला असता. या हिशोबाने मी खोटं बोललो तरी निर्णय खराच आहे. आज तीनदा हे स्वतःला समजावलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नर्सबाई गेल्या. वर सुखरूप पोचल्याचं बायकोने सांगितलं. तिला कोणी सांगितलं ते विचारलं नाही. विचारायची गरज नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी बारा

निघायला वीस मिनिटं आहेत. धाकटा पिकअपमध्ये सामान भरतोय. जेवढं होईल तेवढं लिहितो.

सकाळी साडेदहाला तो आत आला. चहा नव्हता.

"दादा, तू त्यांना जाऊ दिलंस?"

"टॅपेट आहेत."

"टॅपेट? मला रस्त्यापलीकडे ऐकू आलं, दादा. चेन झाकणाला घासत होती."

"ढिली चेन कशी बोलते ते मला शिकवणार तू? थांब. आज ऐकवतोच."

माझ्या गॅरेजात कोपऱ्यात एक अर्धं इंजिन आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः कापलं. पुढच्या बाजूला पारदर्शक खिडकी बसवली, बाजूला विजेची मोटर जोडली, आणि चेनचा ताण कमीजास्त करायला एक स्क्रू. गिऱ्हाइकाला शंका आली की मी हे चालू करून स्क्रू सैल करतो. ढिली चेन एकदा ऐकली की माणूस जन्मभर विसरत नाही. धाकट्याने हा धंदा पहिल्यांदा ऐकला तोही याच इंजिनावर.

मोटर चालू केली. स्क्रू दोन फेरे सैल केला. मोटरची घरघर. आणखी दोन फेरे. घरघरच. मला वाटलं स्क्रूचे आटे गेले. मग वाटलं आटे नाही गेले, कोणीतरी चेन बदलून ठेवली. कोण बदलणार? या गल्लीत ती बदलता येणारी माणसं दोनच.

मी त्याच्या अंगावर ओरडलो, "याला हात लावलास तू? माझी फजिती करायला दुरुस्त करून ठेवलंस?"

त्याने दोन्ही हात कानांवर दाबले होते. मागच्या दारातून बायको पिठाच्या हातांनी धावत आली होती. तिचं तोंड उघडत-मिटत होतं, "बंद करा" म्हणत असावी. धाकट्याने एक हात कानावरून काढून खिडकीकडे दाखवलं.

मी बघितलं.

चेन चाबकासारखी उडत होती. प्रत्येक फेऱ्याला झाकणाच्या आतल्या बाजूवर आपटत होती. ॲल्युमिनियमवर ताजी, चकचकीत खाच पडत चालली होती. चुरा खाली गळताना दिसत होता. मी त्या खिडकीला नाक लावून उभा होतो. चेन आपटत होती, पुन्हा आपटत होती, आणि आवाज होत नव्हता.

दांडी लावली. नाही. दुसऱ्या कानाला लावली. नाही. शेवटी तळहात झाकणावर ठेवला. तळहाताला एकेक ठोका कळला.

मोटर बंद केली. किटली आठवली. दुकानातली ती चार माणसं आठवली. ते कार्ड आठवलं.

मी बायकोला विचारलं, "शनिवारची वेळ माझी होती?"

ती जवळ आली, समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुमचीच. चार महिने झाले. तुम्हाला सांगायचं कोणी, यावरून आमचं भांडण चाललं होतं."

मग मी धाकट्याला सांगितलं की सोमवारी मला काही ऐकू आलं नव्हतं, आणि तरी मी टॅपेट म्हटलं. का म्हटलं तेही सांगितलं. त्याने एखादा टोमणा मारला असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

बायकोच म्हणाली, "ते मग बोला. आधी फोन लावा."

वरच्या आरोग्यकेंद्रात फोन आहे. नर्सबाईंनी उचलला, बायकोने मान हलवली तेव्हा मी बोललो. "चावी लावू नका. गाडीला हात लावू नका. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती चेनच आहे. मी येतोय." पलीकडून त्या बरंच काही बोलल्या. रिसीव्हरमधून मला नुसता वारा आल्यासारखं वाटलं. फोन धाकट्याकडे दिला.

हॉर्न वाजवतोय म्हणे. बायको खुणेने सांगते आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार, घरी

काल तीनला वर पोचलो. नर्सबाई अंगणात व्हॅनशेजारी उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मेस्त्री, काल वर येताना मधल्या उतारावर मी डिझेल वाचवायला तीन वळणं गाडी बंद करून उतरले आणि पुन्हा चालू केली. तुमच्या शब्दावर."

मी हत्यारं काढली.

धाकट्याने पिकअपमधून एक खोकं आणलं. नवी चेन, तिला वाटेवर ठेवणारे दोन गाइड, ताणून धरणारा टेन्शनर, सील, सगळं याच व्हॅनचं. मी विचारलं, एवढ्यात कुठून आणलंस? खोक्यावर मागवल्याची तारीख होती: ८ ऑक्टोबर. खाली त्याच्या अक्षरात: दादाकडे द्यायचं. महिनाभर रस्त्यापलीकडे, काचेआड, माझी वाट बघत पडलं होतं. माझ्या पोटात पुन्हा जुनंच दुखलं. हा माणूस मला रागवायलासुद्धा जागा ठेवत नाही.

झाकण उघडलं तर एक गाइड दोन तुकडे होऊन खाली तेलात पडलेलं. झाकणाच्या आत करंगळी जाईल एवढी खाच. धाकट्याने दोन चक्रांतला फरक मोजला आणि म्हणाला, "अजून एखादा दात सुटला असता की इंजिन संपलं होतं." त्याचा आवाज चढलेला असावा, कारण मला स्पष्ट ऐकू आलं.

पाच तास काम केलं. दोन्ही चक्रांवरच्या खुणा जुळवायच्या वेळी तो खालचा क्रँक उलटा फिरवायला निघाला. मी त्याच्या मनगटावर फटका मारला.

"उलटा नाही. उलटा फिरवलास तर टेन्शनर सैल पडतो आणि जुळवलेलं सगळं सरकतं. विद्यालयात नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. तिथे तू नव्हतास ना फटका द्यायला."

तेवढा एक क्षण मला फार बरं वाटलं. वही खरी ठेवायची म्हणून तेही लिहितो.

शेवटचा बोल्ट साडेआठला आवळला. पण चालू करायची नाही, असं मी सांगितलं. सकाळपर्यंत थंड होऊ दे, मगच. नर्सबाईंनी दोघांना केंद्रातल्या खाटा दिल्या. त्याला खिडकीजवळची.

आज सकाळी सहाला अंगणात सगळे जमले. जुळं असलेली बाई पायरीवर शाल गुंडाळून बसली होती, तिची सासू तिच्या पाठीमागे. मला वाटलं होतं ती माझ्याकडे भीतीने बघेल. ती बिस्किट खात होती. नर्सबाई चावीला हात लावून थांबल्या. मी दांडी धाकट्याकडे दिली.

तो म्हणाला, "दादा, मला कशाला? यंत्र आहे की माझ्याजवळ."

"यंत्र नंतर. आधी ऐक."

त्याला दांडी धरता येत नव्हती. टोक कानात खुपसत होता. कानामागच्या हाडाला टेकवायची असते हे मी त्याला दाखवलं. नऊ वर्षं कंपनीत काढली आणि हे माहीत नाही. मग मी माझा तळहात झाकणावर ठेवला आणि मान हलवली.

चावी फिरली. एक. दोन. तीन.

हाताखाली इंजिन सरळ, एकसारखं थरथरत होतं, ठोका नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा इंजिनासाठी मी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"काय ऐकू येतंय?"

त्याने दांडी खाली घेतली, माझ्या समोर आला. "काहीच नाही, दादा."

म्हणजे किती दिवसांनी आम्हा दोघांना सारखंच ऐकू आलं.

व्हॅन पुढे, पिकअप मागे, असे उतरलो. साडेदहाला मोठ्या दवाखान्याच्या दारात ती बाई स्वतःच्या पायांनी उतरली. नर्सबाईंनी निघताना धाकट्याचे आभार मानले. मग माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "पुढची तपासणी कधी?" मी म्हटलं, दहा हजारांनी. "कुठे आणू?" म्हणाल्या. मी म्हटलं, "माझ्याकडे आणा. समोरच्याला मी बोलावून घेईन."

शनिवारी अकराची वेळ बायकोने पुन्हा घेतली आहे. धाकटा म्हणाला गाडी मी काढतो. मी म्हटलं, माझी काढू. चालव तू.

आत्ता नोंदवही भरली. आधी ४ तारखेच्या ओळीवर काट मारून शेजारी 'खोटं' असं लिहिलं. खाली आजची: ७ नोव्हेंबर. १,४०,३४१. टायमिंग चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर बदलले. चौथ्या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं. शेवटी लिहिलं: धाकटा.

रकाना अरुंद आहे, तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी दोन शब्द बसले: हात माझा.